वास्तू कोणाची? शिलालेख, आख्यायिका आणि कायदा यांतील स्थपती

मराठीत ‘सूत्रधार’ हा शब्द आज मुख्यतः रंगभूमीशी जोडला जातो. नांदीनंतर रंगमंचावर येऊन प्रयोगाची ओळख करून देणारा तो सूत्रधार, एवढाच अर्थ सामान्य वाचकाच्या मनात उरला आहे. परंतु मध्ययुगीन शिलालेखांत आणि शिल्पग्रंथांत हाच शब्द वास्तू उभारणाऱ्यासाठी येतो. हातात मोजणीची दोरी, म्हणजे सूत्र, धरणारा तो सूत्रधार. भूमीवर आराखडा आखण्याचा, प्रमाण ठरविण्याचा आणि कारागिरांकडून काम करवून घेण्याचा अधिकार त्याच्याकडे असे. या शब्दाचेच झिजलेले रूप म्हणजे मराठीतील ‘सुतार’ आणि गुजराती-राजस्थानीतील ‘सुथार’. एकाच शब्दाची दोन वारसरूपे दोन वेगळ्या सामाजिक स्तरांवर स्थिरावली: एक नाट्यशास्त्राच्या परिभाषेत प्रतिष्ठित राहिले, तर दुसरे जातिवाचक व्यवसायनाम बनले. ज्याच्याकडे संपूर्ण रचनेची कल्पना असे, त्याच्या नावाने पुढे केवळ लाकूडकाम ओळखले जाऊ लागले.

शब्दाच्या या घसरणीत भारतीय वास्तुकलेतील कर्तृत्वाचा प्रश्न दडलेला आहे. साहित्याच्या अभ्यासात ‘कर्ता’ ही संकल्पना गेल्या अर्धशतकात पुष्कळ चर्चिली गेली. संहितेवर लेखकाचा अधिकार किती, वाचक तिच्या अर्थनिर्मितीत किती सहभागी असतो, मौखिक परंपरेत कर्ता कोणाला म्हणावे, हे प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परिचित आहेत. वास्तूच्या बाबतीत मात्र दोनच उत्तरे प्रचलित आहेत. इमारत प्राचीन असेल तर ती राजाची असते, आधुनिक असेल तर आर्किटेक्टची. या दोहोंच्या मधला स्थपती ‘अनाम कारागीर’ म्हणून बाजूला राहतो. प्रस्तुत निबंधात हा अनामपणा तपासला आहे. त्यासाठी लेखनाचे तीन प्रकार आधाराला घेतले आहेत: शिलालेख, आख्यायिका आणि कायदा. वास्तू कोणाची, या प्रश्नाचे उत्तर हे तिन्ही प्रकार आपापल्या परीने देतात आणि ती उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत.

१. शिलालेखांतील नावे

मयमत आणि मानसार या दक्षिणेकडील शिल्पग्रंथांत वास्तुनिर्मितीसाठी चार प्रकारचे शिल्पी सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपती सर्वांचा प्रमुख, सूत्रग्राही मापाचा जाणकार, तक्षक घडविणारा, वर्धकी जोडणी करणारा. ग्रंथांनी केलेली ही विभागणी प्रत्यक्ष व्यवहारात कितपत काटेकोर होती, हा वेगळा प्रश्न आहे. तथापि, रचना करणारा आणि हाताने काम करणारा यांच्यात येथे भिंत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चौघेही एकाच विद्येचे धारक असून त्यांच्यातील भेद पायऱ्यांचा आहे.

शिलालेखांकडे वळल्यास अनामपणाची कल्पना लगेच डळमळीत होते. कर्नाटकातील पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकाच्या मध्यास चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याची राणी लोकमहादेवी हिने बांधविले. तेथील लेखांत गुंड नावाच्या सूत्रधाराचा गौरव असून ‘अनिवारिताचारी’ आणि ‘त्रिभुवनाचारी’ ही त्याची बिरुदे नोंदविली आहेत. त्याच मंदिरातील दुसऱ्या लेखात सर्वसिद्धी आचारी याचे नाव येते. दक्षिण देशाचा सूत्रधार असा त्याचा उल्लेख आहे आणि वास्तूंबरोबरच याने, आसने, शय्या घडविण्यातील त्याचे नैपुण्यही वाखाणले आहे. मंदिर राणीचे आहे, हे लेख निःसंदिग्धपणे सांगतात. पण ते कोणी रचले, हेही सांगतात. दात्याचे श्रेय आणि रचनाकाराचे श्रेय या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या लेखांत कुंजरमल्लन या नावाला ‘राजराज पेरुंतच्चन’ हे बिरुद जोडलेले आढळते. पेरुंतच्चन म्हणजे महातक्षक, आणि बिरुदाचा पूर्वार्ध हे स्वतः चोळ सम्राटाचे नाव. इ.स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिराचा मुख्य स्थपती म्हणून अभ्यासक त्यालाच ओळखतात. राजाने शिल्प्याला स्वतःचे नाव बहाल करणे, हा एकाच वेळी सन्मानही आहे आणि स्वामित्वाची खूणही. त्याच मंदिराच्या भिंतीवर जवळजवळ आठ शतकांनी, १८०३ मध्ये, सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत कोरला गेला. महाराष्ट्राबाहेरचा हा मराठीचा फार मोठा शिलालेख. मंदिराशी आपला वंश जोडून घेण्याची आकांक्षा त्यामागे आहे. एकाच दगडी पृष्ठावर तमिळमध्ये दानांचा, सेवकांचा व शिल्प्याचा हिशेब आणि मराठीत राजवंशाचे चरित्र असे दोन साहित्यप्रकार शेजारी नांदतात. इमारत कोणाची, हे सांगण्याची घाई दुसऱ्याला अधिक आहे.

होयसळ मंदिरांत तर शिल्पांच्या पायथ्याशी स्वाक्षऱ्याच आहेत. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात (प्रतिष्ठा १११७) बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण या दोघांची नावे आढळतात. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील मंदिरात मल्लितम्माचे नाव अनेक मूर्तींवर आहे. कवी आपल्या रचनेच्या शेवटी नाममुद्रा घालतो, तशीच ही नाममुद्रा. ती राजाज्ञेने कोरलेल्या प्रशस्तीत नसून प्रत्यक्ष कामावर आहे, म्हणून तिचे मोल वेगळे आहे.

मोगलकालीन वास्तूंमध्ये ही नाममुद्रा ग्रंथाच्या अंगाने येते. ताजमहालाच्या रचनेशी उस्ताद अहमद लाहोरी याचे नाव जोडले जाते, त्याचा मुख्य आधार म्हणजे त्याचा मुलगा लुत्फुल्ला मुहंदिस याची फारसी काव्यरचना. पित्याने ताजमहाल आणि दिल्लीचा लाल किल्ला रचल्याचे तो अभिमानाने नोंदवितो. ‘मुहंदिस’ म्हणजे भूमितिज्ञ. हे त्याने काव्यनाम म्हणून घेतले आहे. दुसरा मुलगा अताउल्ला याने भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे १६३४-३५ च्या सुमारास फारसीत भाषांतर केले. पुढे औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात रचनाकार म्हणून अताउल्ला आणि बांधकाम करणारा म्हणून हंसपत राय अशी दोन नावे आली. खानदेशाच्या परिसराशी ज्याच्या विद्येचा वारसा शिलालेखाने जोडलेला आहे, त्या गणितज्ञाचा ग्रंथ लाहोरी घराण्यातील भाषांतरकार फारसीत नेतो आणि तोच मराठवाड्यात मकबरा रचतो. वास्तुविद्या, गणित आणि भाषांतर ही एकाच घराण्याची कामे होती, हे तौलनिक अभ्यासकाने विसरण्याजोगे नाही.

२. नावाचे अपहरण: ‘हेमाडपंती’

नाव कोरले जाणे आणि नाव टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील चुना न वापरता घडीव दगडांच्या सांध्यांवर उभारलेल्या मंदिरांना लोकव्यवहारात ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाचा कर्ता. परंतु हेमाडपंती म्हणून दाखविली जाणारी कित्येक मंदिरे त्याच्या पूर्वीची आहेत. अंबरनाथच्या शिलाहारकालीन मंदिरातील लेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे. मोडी लिपी आणि बाजरीचे पीकही परंपरा त्याच्याच नावावर घालते.

ग्रंथकर्त्याला वास्तुकर्ता मानण्याची ही प्रवृत्ती अर्थपूर्ण आहे. समाजाला एखाद्या शैलीचा कर्ता हवा असतो. परंतु तो पाथरवट असू शकेल, हे त्याच्या कल्पनेत बसत नाही. त्यामुळे लेखणी धरणाऱ्याकडे छिन्नीचे श्रेय जाते. मावळ आणि मराठवाड्यातील ज्या हातांनी हे सांधे जुळविले, त्यांची नावे बव्हंशी हरवली. अपवाद म्हणून रायगडाचे स्मरण होते. तेथील जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर हिरोजी इटळकर याने आपली सेवातत्परता नोंदविली आहे. राजाच्या मंदिरात शिरणाऱ्या प्रत्येकाचा पाय त्या नावावर पडावा, अशी ती जागा आहे. हे नाव टिकले. पण ते सेवकभावाच्या भाषेत टिकले, रचनाकाराच्या भाषेत नव्हे.

३. आख्यायिकांतील बळी

शिलालेख आणि आख्यायिका यांची तुलना केली असता एक विलक्षण विरोध समोर येतो. शिलालेखांत पिता आणि पुत्र एकत्र काम करतात: दासोज आणि चावण. आख्यायिकांत मात्र त्यांच्यापैकी एकाला किंमत मोजावी लागते.

ओडिशातील कोणार्कची कथा सर्वश्रुत आहे. नरसिंहदेवाच्या आज्ञेवरून बाराशे शिल्पी बारा वर्षे राबतात. तरीही शिखरावरचा कळस बसत नाही. मुख्य शिल्पी बिशु महाराणा याचा बारा वर्षांचा मुलगा धर्मपद येतो, एका रात्रीत अडचण सोडवितो आणि बाराशेंची अब्रू राखण्यासाठी समुद्रात उडी घेतो. उत्कलमणी गोपबंधू दास यांनी या कथेवर काव्य रचले आणि तिला ओडिया अस्मितेचे स्थान मिळाले.

केरळमध्ये पेरुंतच्चनची कथा आहे. वररुची आणि परया स्त्री यांच्यापासून जन्मलेल्या बारा कुळांच्या पुराणकथेत हा महासुतार येतो. मुलगा आपल्याहून कुशल होत आहे, हे त्याला जाणवते आणि छप्पराचे काम चालू असताना त्याच्या हातातली वाकस की छिन्नी खाली काम करणाऱ्या मुलाच्या मानेवर पडते. ती निसटली की सोडली, हे कथा उघडपणे सांगत नाही. कोट्टारत्तिल शंकुण्णी यांच्या ‘ऐतिह्यमाला’ने ही कथा अक्षरबद्ध केली, जी. शंकर कुरूप यांनी तिच्यावर कविता लिहिली. १९९१ मध्ये एम. टी. वासुदेवन नायर यांच्या पटकथेवर चित्रपट निघाला. प्रत्येक आविष्कारात त्या निसटण्याचा अर्थ नव्याने लावला जातो.

कर्नाटकात जकणाचारीची कथा. बेलूरच्या मूर्तीत दोष आहे, असे एक तरुण सांगतो. जकणाचारी दोष निघाल्यास उजवा हात तोडण्याची प्रतिज्ञा करतो. मूर्तीच्या पोटातून बेडूक आणि पाणी निघते. तो हात तोडतो आणि मग कळते की तो तरुण, डंकण, आपलाच मुलगा. पुढे तुमकुरूजवळील कैदाळ येथे हात परत मिळतो. गावाच्या नावाची व्युत्पत्तीही लोक याच घटनेवरून लावतात. बेलूरच्या शिल्पांवरील नावांत जकणाचारीचे नाव नाही. शिलालेखात दासोज आणि चावण हे पितापुत्र सहीसाठी शेजारी बसलेले आहेत. त्याच मंदिराच्या आख्यायिकेत पितापुत्र एकमेकांसमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे आहेत.

या तीन कथांत साम्य शोधताना भेदही लक्षात घ्यावे लागतात. कोणार्कला व्यक्ती समूहासाठी मरते. केरळात पिढी पिढीचा बळी घेते. कर्नाटकात पिता स्वतःला शिक्षा करतो. परंतु तिन्ही कथांच्या मुळाशी एकच भय आहे. कौशल्य वंशाने संक्रमित व्हावे, ही जातिबद्ध कारागिरीची अट आहे. आणि प्रतिभा मात्र वंशाच्या क्रमाने येत नाही. मुलगा बापापेक्षा थोर निघाला तर समूहाची उतरंड कोलमडते. शिलालेख उतरंडीची नोंद करतो. आख्यायिका तिच्यातील ताण बोलून दाखविते. म्हणूनच आख्यायिकेला ‘खोटा इतिहास’ म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. तिच्यातील घटना घडली नसेल. तिच्यातील ताण खरा आहे.

राजा आणि शिल्पी यांच्यातील ताणाचे असेच रूप ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या कथेत दिसते. ऐतिहासिक साधने तिला दुजोरा देत नाहीत. उलट, १६३२ च्या सुमारास सुरू झालेल्या ताजमहालाचे काम चालू असतानाच अहमद लाहोरी याच्याकडे १६३९ मध्ये दिल्लीच्या नव्या किल्ल्याचे काम सोपविले गेले. तरीही ही कथा मरत नाही, कारण अद्वितीय वास्तूची किंमत कोणीतरी चुकविली असली पाहिजे, अशी लोकमनाची धारणा आहे.

आधुनिक मुंबईनेही हा कथाबंध सोडला नाही. १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलविषयी असे सांगितले जाते की, इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि विलायतेहून परतलेल्या आर्किटेक्टने ते पाहून आत्महत्या केली. वस्तुतः प्रवेश शहराच्या बाजूने ठेवणे ही योजनाच होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या इमारतीचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे होते. वैद्य यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वास नेले. आख्यायिकेने शिल्प्याचा बळी देण्याची जुनी रीत पाळली. मात्र बळी देताना तिने मराठी रचनाकाराच्या जागी परदेशी माणूस उभा केला. इथे आख्यायिका ताण व्यक्त करीत नाही, श्रेय पुसते.

४. नकाशा आणि हात

वसाहतकाळात कर्तृत्वाची संपूर्ण मांडणी बदलली. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४-५५ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खाते आकाराला आले. कागदावरील नकाशा, अंदाजपत्रक, मंजुरी आणि कंत्राट या साखळीतून इमारत जन्मू लागली. पूर्वी स्थपती भूमीवरच सूत्राने आखणी करी आणि काम पुढे सरके तसे निर्णय घेई. आता सर्व निर्णय आधीच कागदावर झालेले असत. मिस्त्री, गवंडी आणि पाथरवट यांनी ते अमलात आणायचे. रचना एका जागी आणि हात दुसऱ्या जागी, अशी फाळणी झाली.

ज्ञानाची फाळणी त्याआधीही होती. तिचे स्वरूप जातीचे होते. दक्षिणेतील राम राझ यांचा हिंदू वास्तुकलेवरील इंग्रजी निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १८३४ मध्ये, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. शिल्पग्रंथांची परिभाषा संस्कृतज्ञ पंडितांना उलगडत नव्हती. आणि ज्याला ती हाताने येत होती त्या शिल्प्याला ग्रंथाची भाषा परकी होती. राम राझ यांना अर्थ लावण्यासाठी कम्माळ समाजातील शिल्प्याचे साहाय्य घ्यावे लागले. मराठीत हाच प्रयत्न वेगळ्या दिशेने अभियंते कृष्णाजी विनायक वझे यांनी केला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या वझे यांचा ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ हा ग्रंथ १९२४ मध्ये आला. पाश्चात्य शिक्षण घेतलेला अभियंता आपल्या पूर्वसूरींची परिभाषा देशी भाषेत परत मिळवू पाहतो, हे त्याचे वेगळेपण. दोन्ही ग्रंथ भाषांतराचे आहेत: एक हाताच्या भाषेतून इंग्रजीत, दुसरा संस्कृतातून मराठीत.

व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या नावे ओळखले जाते. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांच्या कामात त्यांचे साहाय्यक म्हणून सीताराम खंडेराव आणि जनार्दन ही नावे नोंदलेली आहेत. कोरीव काम सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केले. हेच सीताराम खंडेराव पुढे ताजमहाल हॉटेलचे रचनाकार झाले. म्हणजे वसाहतकाळातील भारतीय रचनाकार अनाम नव्हता. तो ‘साहाय्यक’ होता. पंजाबात भाई रामसिंग यांनी हा उंबरठा ओलांडला. सुतारकुळात जन्मलेले आणि लाहोरच्या कलाशाळेत लॉकवुड किपलिंग यांच्या हाताखाली शिकलेले रामसिंग यांनी राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न हाउसमधील दरबार दालन सजविले आणि अमृतसरच्या खालसा महाविद्यालयाची रचना केली. सूत्रधाराचा सुतार झाला होता. येथे सुताराचा पुन्हा सूत्रधार झाला.

‘अनाम भारतीय कारागीर’ ही प्रतिमा नेमकी याच काळात घडली, हा योगायोग नाही. आनंद कुमारस्वामी आणि ई. बी. हॅवेल यांनी यंत्रयुगाच्या विरोधात कारागिराचा कैवार घेतला. नवी दिल्ली भारतीय कारागिरांनीच उभारावी, असा आग्रह हॅवेल यांनी धरला. त्यांचा हेतू उदात्त होता. परंतु निनावी, श्रद्धाळू, परंपरेचे माध्यम असलेला कारागीर ही त्यांची कल्पना पट्टदकलच्या बिरुदांशी आणि बेलूरच्या स्वाक्षऱ्यांशी जुळत नाही. ज्याला गौरवायचे, त्याचेच नाव या गौरवात हरवले. आणि नवी दिल्ली अखेर लट्येन्स आणि बेकर यांच्या नावावर जमा झाली.

५. १९७२ नंतर

मुंबईत १९१७ मध्ये विद्यार्थी-आर्किटेक्टांची संघटना स्थापन झाली. जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. १९२९ मध्ये तिला ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे रूप आले. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये संसदेने आर्किटेक्ट कायदा केला आणि वास्तुकला परिषद अस्तित्वात आली. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावू नये, असे या कायद्याचे ३७ वे कलम सांगते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला: कायदा उपाधीचे रक्षण करतो, इमारतीची रचना करण्याच्या कामावर तो मक्तेदारी देत नाही. रचना अन्य कोणी करू शकतो. त्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये, इतकेच.

वाङ्मयीन दृष्टीने हा निर्णय लक्षवेधी आहे. राज्यसंस्थेने शब्दाला कुंपण घातले. क्रियेला घातले नाही. पट्टदकलला राजसत्तेने बिरुद दिले ते प्रत्यक्ष कृतीनंतर, कृतीच्या भिंतीवर. आधुनिक उपाधी कृतीच्या आधी, शिक्षण आणि नोंदणीने मिळते. गावोगावी घरे बांधणारा मिस्त्री रचनाकाराचेच काम करीत असतो, पण त्याच्या कामाला नाव नसते. ‘सूत्रधार’ शब्दाला जे झाले, त्याच्या उलट ‘आर्किटेक्ट’ला झाले: एक शब्द खाली घसरत जातीचे नाव झाला, दुसरा वर चढत कायद्याने रक्षिलेली पदवी झाला.

कृतीवरील हक्काचा प्रश्न स्वामित्वहक्क कायद्यात येतो. १९५७ च्या या कायद्याने वास्तुकृतीला कलाकृती मानले. मात्र संरक्षण दिले ते तिच्या कलात्मक स्वरूपाला आणि आरेखनाला. बांधकामाच्या प्रक्रिया आणि पद्धती त्यातून वगळल्या. नकाशा आणि हात यांची वसाहतकालीन फाळणी येथे कायद्याच्या भाषेत पक्की झाली.

आरेखनालाही हे संरक्षण कितपत पुरते, हे दिल्लीच्या प्रगती मैदानावर दिसून आले. राज रेवाल यांनी रचलेले आणि महेंद्र राज यांच्या संरचना-अभियांत्रिकीने उभे राहिलेले ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ मध्येच, एशिया ७२ या व्यापारमेळ्यासाठी, उघडण्यात आले. पोलाद सहज परवडत नव्हते, म्हणून त्रिमितीय जाळीची ही संरचना जागेवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये, मुख्यतः मजुरांच्या हातांनी साकारली. वारसा ठरण्यासाठी साठ वर्षांचे वय हवे, या निकषाने तिला वारसायादीत स्थान मिळाले नाही आणि एप्रिल २०१७ मध्ये ती पाडण्यात आली. रेवाल यांनी कर्त्याच्या नैतिक अधिकाराच्या आधारे न्यायालयात दाद मागितली. इमारत त्याच जागी पुन्हा उभारावी, ही त्यांची मागणी होती. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अमान्य केली. युक्तिवादाचा सारांश असा: कृतीत विद्रूप बदल झाला तर कर्त्याच्या लौकिकाला बाध येऊ शकतो, पण जी कृती अस्तित्वातच नाही, ती कोणाला दिसणार नाही आणि म्हणून तिने लौकिक बिघडणार नाही. शिवाय जमीन आणि इमारत यांवर मालकाचा हक्क असतो. याच न्यायालयाने २००५ मध्ये विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा नैतिक अधिकार मान्य केला होता. शिल्प भिंतीपासून वेगळे करता येते, ग्रंथाच्या प्रती निघतात. इमारत मात्र कोणाच्या तरी जमिनीवर उभी असते.

आख्यायिकांच्या प्रकाशात हे प्रकरण पाहिले, तर एक उलटापालट जाणवते. लोककथेत वास्तू टिकावी म्हणून शिल्पी मरतो. दिल्लीत शिल्पी हयात असताना, त्याचे नाव, उपाधी आणि नकाशे सुरक्षित असताना, वास्तू गेली. आधुनिक कायद्याने कर्त्याला सर्व काही दिले. त्याच्या कृतीचे अस्तित्व मात्र मालकाच्या इच्छेवर सोडले.

६. अपुरी घरे

कर्तृत्वाचा वेगळा विचार करणारे एक उदाहरण इंदूरचे आहे. १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी ‘अरण्य’ ही वसाहत योजली. १९८९ च्या सुमारास साकारलेल्या या योजनेत अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांना पूर्ण घर न देता जोते, पाणी-सांडपाण्याची सोय आणि एखादी खोली देण्यात आली. पुढचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. नमुन्यादाखल ऐंशी घरे बांधून दाखविली. ती आज्ञा नव्हती, उदाहरण होते. १९९५ मध्ये योजनेला आगाखान पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशी हे प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे पहिले भारतीय ठरले.

साहित्यविचारात संहिता वाचकाकडून पूर्ण होते, असे म्हटले जाते; अरण्यमध्ये ते विटा-सिमेंटमध्ये घडले. रहिवाशांनी जिने काढले, ओटे वाढविले, दुकाने थाटली, भिंती आपल्या रंगांनी रंगविल्या. यातून दोशी यांचे कर्तृत्व कमी होत नाही; गल्ल्यांची रुंदी, मोकळ्या जागांचा क्रम आणि जोत्यांची मांडणी ही त्यांचीच. पण सूत्र धरणारा आणि घर उभारणारा यांच्यात येथे पुन्हा एकदा मजबूत भिंत उरली नाही. पुरस्कारांच्या यादीत मात्र एकच नाव येते. गवंडीकाम ज्यांनी केले, त्यांची दखल घेणारा लेख इंदुरातही कोठे कोरलेला नाही.

वास्तू कोणाची, या प्रश्नाला म्हणून एकच उत्तर नाही. पण उत्तर कोण लिहितो, यावर ते अवलंबून असते. शिलालेख लिहिणाऱ्याने दाता आणि सूत्रधार दोघांना जागा दिली. आख्यायिका रचणाऱ्याने शिल्प्याचे दुःख ओळखले, पण नाव बदलले. कायदा लिहिणाऱ्याने नाव सांभाळले, पण हात वगळले. भारतीय भाषांतील या तीन लेखनपरंपरा शेजारी ठेवून वाचल्या, तर अनामपणा ही भारतीय वास्तुकलेची प्रकृती नव्हती, तो टप्प्याटप्प्याने घडविला गेला, हे ध्यानात येते. चावणाने बापाबरोबर आपले नाव कोरले, तेव्हा कोणतीही नोंदणी झालेली नव्हती. त्याने छिन्नीनेच ते काम केले आणि आज नऊशे वर्षांनी ते वाचता येते.